कापूस गुलाबी झाला म्हणजे भेसळच, असं नाही

तुम्ही लिहिलंय की सफरचंद सुरीनं खरवडल्यावर पांढरा भुगा निघाला, कलिंगडावर घासलेला कापूस गुलाबी झाला, आणि मुलांच्या पोटात जायला नको म्हणून दोन्ही फळं टाकून दिली. काळजी अगदी रास्त आहे. पण या दोन्ही गोष्टी चांगल्या फळातही घडतात.

आधी सफरचंद. झाडावरच्या फळाला स्वतःचं मेण असतं. तोडणीनंतर धुताना ते बरंचसं निघून जातं, आणि फळ सुकू नये म्हणून त्यावर कार्नौबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण), लाख किंवा मधमाशीचं मेण यांचा अगदी पातळ हात देतात. हे लेप खाण्यायोग्य म्हणून मान्य आहेत. खरवडलं की मूळचं मेणही पांढरंच निघतं आणि वरून दिलेलंही. म्हणजे सुरीनं मेण आहे एवढंच कळतं, ते कुठून आलं हे कळत नाही. उकळतं पाणी ओतून बघण्याचंही तेच. कोमट पाण्यानं मेण निघेल ही आशाही सोडा: मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, कार्नौबा ८० च्या वर. नकोच असेल तर साल काढा. द्राक्षांवरचा पांढुरका थर मात्र त्यांचा स्वतःचाच असतो, त्याला घाबरू नका.

माझ्या मते खरी शंका घ्यायची ती रंगाची. कलिंगडाचा लाल रंग लायकोपीन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, आणि तो पाण्यात विरघळत नाही. कापसाला जो गुलाबीपणा येतो तो बहुतेक वेळा गराच्या बारीक कणांचा असतो. म्हणून मी कापसावर थांबत नाही. चमचाभर गर कुस्करून ग्लासभर पाण्यात ढवळायचा, शेजारच्या ग्लासात साध्या पाण्यात खायच्या लाल रंगाचा एक थेंब टाकायचा, आणि दोन्ही ग्लास तीन-चार तास फ्रीजमध्ये न हलवता ठेवायचे. चांगल्या कलिंगडाच्या ग्लासात गराचा लालसर साका वेगळा होतो आणि बाकीचं पाणी फिकट, जरासं पिवळट दिसतं. रंगाच्या ग्लासात वरपासून खालपर्यंत एकसारखा लाल. एरिथ्रोसिनसारखे कृत्रिम लाल रंग पाण्यात विरघळलेले असतात, ते खाली बसत नाहीत. एकदा दोन्ही ग्लास शेजारी-शेजारी पाहिलेत की फरक लक्षात राहतो. (आतल्या भेगा म्हणजे रंग भरायला सुई टोचल्याची खूण नव्हे. फळ वाढताना गर फाटतो, म्हणून त्या पडतात.)

काळी द्राक्षं, चेरी, स्ट्रॉबेरी यांना हे लागू नाही. त्यांचा रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, पाण्यात सहज उतरणारा. त्यांचं पाणी रंगलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्या रंगीत पाण्याचे दोन भाग करा. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. नैसर्गिक रंग लिंबानं लालभडक होतो, सोड्यानं जांभळट-निळसर किंवा हिरवट. दोन्हीकडे रंग जसाच्या तसा राहिला, तर शंकेला जागा आहे.

संत्र्याच्या सालीवर कधी कधी तेलात विरघळणारे रंग वापरतात. अमेरिकेत सिट्रस रेड २ या रंगाला २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) मुभा दिली गेली होती. तो पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यावर येणारच नाही. तेलाचा बोळा फिरवला तर सालीतला मूळचा पिवळा-नारिंगी रंगही थोडा उतरतो, त्यामुळे इथे घरच्या घरी निकाल लावू नये. गर खायचा असेल तर साल सोलण्याआधी फळ नीट धुवा, आणि ती साल किसून पदार्थात घालू नका.

आणि हो, शंका पक्की वाटली तर फळ फेकू नका, पुढच्या वेळी तरी. उरलेला तुकडा स्वच्छ डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा, कुठून आणि कधी घेतलं ते डब्यावर लिहा, आणि अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत द्या. कोणता रंग आहे आणि किती आहे, हे तिथेच कळतं.