आठवड्याची हाडांची गोळी चहाबरोबर चालते का? (प्रश्न खानापूरहून, सासूबाईंसाठी, ॲलेंड्रोनेट 70 मिग्रॅ)

नाही. ही गोळी रिकाम्या पोटीसुद्धा जेमतेम 0.6 टक्के शोषली जाते. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाने त्यातलेही निम्म्याहून जास्त वाया जाते, आणि दुधातले कॅल्शियम तर तिला आतड्यातच धरून ठेवते. म्हणून उठल्याबरोबर, चूळ भरून, ग्लासभर साध्या पाण्यासोबत अख्खी गिळायची. बोअरचे पाणी जड असेल तर आरओ फिल्टरचे घ्या. पुढे किमान अर्धा तास चहा नाही, दुसरी गोळी नाही, आणि आडवे होणे तर अजिबात नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम होते. गिळताना दुखले किंवा नवी जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

वार पक्का ठेवा. गावच्या बाजाराचा वार सहसा विसरत नाही. चुकलाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, एका दिवसात दोन नकोत.

कॅल्शियम कार्बोनेटची 500 ची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर द्या, तिला पोटातले आम्ल लागते. नाचणीची आंबील जरूर द्या, पण हाडांच्या गोळीनंतर अर्धा तास उलटल्यावर.

हाडांची गोळी सुरू करण्याआधी रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) तपासले होते ना? कॅल्शियम कमी असताना ही गोळी ते आणखी उतरवते, कारण हाड झिजवणाऱ्या पेशींनाच ती थोपवते. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा. मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर त्याला संधिवात समजून बसू नका, एक्स-रे काढा.