'कायमचं' असं लिहू नका

"ताई, डॉक्टरांना तेवढं सांगाल का, फॉर्मवर 'कायमचं' असं लिहू नका म्हणून?"

शिकताना सरकारी मदत मिळावी म्हणून डॉक्टरांनी अपंगत्वाबद्दल भरायचा फॉर्म. असे अर्ज भरायला मी मदत करते. फोन एका मुलीच्या आईचा होता. मुलगी 19 वर्षांची, ऑन्टारिओतल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. चौदाव्या वर्षापासून संधिवात. सकाळी बोटं वळत नाहीत, पेन धरवत नाही, लॅपटॉपवर दहा मिनिटं टाइप केलं की मनगट सुजतं. तरी पहिल्या वर्षी पाचच्या पाच विषय घेतले आणि त्यातले दोन गेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मी आकडे सांगत बसले, ही माझी जुनी खोड. कॅनडा सरकारचं अपंग विद्यार्थ्यांसाठीचं अनुदान 2023-24 मध्ये वर्षाला 2,800 डॉलर होतं. ते फेडायचं नसतं, त्याच्या पावत्याही द्याव्या लागत नाहीत. नोट्स काढून देणारा माणूस, बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर, अशा सेवा-साधनांसाठी वेगळं अनुदान आहे, वर्षाला 20,000 डॉलरपर्यंत; त्याच्या मात्र पावत्या जपून ठेवाव्या लागतात. आई हे सगळं वहीत उतरवून घेत होत्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

वडिलांनी एकाच वाक्यात विषय संपवला. "आम्हाला कर्ज नको."

हे मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी वाईट वाटतं. अर्ज ओसॅपचा, म्हणजे ऑन्टारिओच्या विद्यार्थी-मदत योजनेचा, आणि ओसॅप म्हटलं की आपल्या लोकांना फक्त कर्ज दिसतं. पण अनुदानासाठीचा अर्जही तोच. कर्जाला भिऊन जो अर्जच करत नाही, त्याचं अनुदानही जातं. 'मला फक्त अनुदान हवं' असं त्याच अर्जात सांगता येतं. घरचं उत्पन्न आणि शिक्षणाचा खर्च पाहून थोडी तरी गरज निघावी लागते, एवढी अट आहे. शिवाय विद्यार्थी नागरिक, कायम रहिवासी किंवा संरक्षित व्यक्ती (निर्वासित म्हणून आश्रय मिळालेला) हवा. स्टडी परमिटवर आलेल्या मुलांच्या आईवडिलांचेही मला फोन येतात. त्यांना नाही म्हणताना जड जातं, पण खोटी आशा लावून काय उपयोग?

वडिलांचं समाधान झालं. आईंचं झालं नव्हतं, आणि मला ते फोन येईपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांनी भरायचा फॉर्म त्यांनी आठवडाभर देवघराजवळच्या खणात ठेवला होता.

"एकदा लिहिलं की लिहिलं. उद्या लग्नाचं बघताना, नोकरीत कुणी हे उकरून काढलं तर? आणि ताई, आम्ही अजून औषध बदलून बघतोय."

ते शेवटचं वाक्य खरं होतं. बाकीचं त्याच्या आडोशाला उभं होतं.

मी म्हटलं, हा फॉर्म मुलीच्या नशिबाबद्दल विचारत नाही. या त्रासामुळे शिकताना काय अडतं, एवढंच विचारतो. तो मदत देणाऱ्या कार्यालयात जातो. गुणपत्रिकेवर किंवा पदवीवर त्यातला एक शब्दही येत नाही. प्राध्यापकांना 'हिला परीक्षेत जास्त वेळ द्या' एवढं कळतं, आजाराचं नाव नाही. आणि 'कायमचं' हेच एक दार आहे असंही नाही. ऑगस्ट 2022 पासून किमान बारा महिने टिकणारा, पण जन्मभर राहील असं सांगता न येणारा त्रासही या अनुदानात बसतो. काय लिहायचं ते डॉक्टर ठरवतील. मी त्यांना सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग मुलीनेच फोन घेतला. "मावशी, पाच विषय घेतले नाहीत तर पैसे बंद होतात ना?"

म्हणजे दुखऱ्या बोटांनी पाच विषय ओढण्याचं कारण हे होतं! मैत्रिणीने सांगितलं म्हणे. एरवीही पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून विषयांचा 60 टक्के भार पुरतो, आणि अपंगत्व नोंदलेलं असेल तर 40 टक्के. पाचांतले दोन घेतले तरी चालतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी 20,000 च्या आकड्यात रमले होते.

तिने तीन विषय ठेवले. फॉर्म डॉक्टरांकडे गेला. 'कायमस्वरूपी' या चौकटीत खूण होऊन आला. आईंनी तो मला आणून दिला तेव्हा घडी चार वेळा घातलेली होती.

"दर वर्षी हे असं लिहून आणायचं का?"

कायमस्वरूपी असेल तर एकदाच, मी म्हटलं. दुसऱ्या प्रकारात पुन्हा मागू शकतात.

"म्हणजे दर वर्षी डॉक्टरांना विचारायला नको," त्या म्हणाल्या, आणि फॉर्म सरळ करून माझ्या टेबलावर ठेवला.