संत पर्पेतुआला सिंहांनी मारलं होतं का?

नाही. इ.स. २०३, रोमन साम्राज्यातलं कार्थेज, आजच्या ट्युनिशियात. पर्पेतुआ साधारण २२ वर्षांची, खानदानी घरातली, अंगावर पिणारं बाळ असलेली. ख्रिस्ती म्हणून अटक झाली, बाप्तिस्मा त्यानंतर झाला. वडिलांनी परोपरीने विनवलं, तरी सम्राटासाठी बळी अर्पण करायला तिने नकार दिला, शिक्षा त्याचीच. ७ मार्चला तिच्यावर आणि तिच्यासोबत पकडलेल्या, नुकतीच तुरुंगात बाळंत झालेल्या फेलिसिता या गुलाम स्त्रीवर रिंगणात रानटी गाय सोडली. गायीने उधळून आपटलं, पण जीव गेला नाही. मग तलवार. नवशिक्या ग्लॅडिएटरचा वार हाडावर बसला, तेव्हा तिनेच त्याचा थरथरता हात गळ्याशी नेला. तुरुंगातली टिपणं तिची स्वतःची मानतात. मृत्यूचं वर्णन साहजिकच दुसऱ्याचं, म्हणून हा शेवटचा तपशील जरा जपूनच घ्या.