‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’?

प्रश्न : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील वाचन चाचणीत दिलेले विधान उताऱ्यानुसार ‘ट्रू’ (बरोबर), ‘फॉल्स’ (चूक) की ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात माहितीच नाही) हे ठरवायचे असते. त्यातल्या ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांत हमखास गोंधळ होतो. काय करावे?

उत्तर : विधान आणि उतारा दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नसतील, तरच ‘फॉल्स’. उताऱ्यात पूल दगडी आहे आणि विधानात लाकडी, तर ‘फॉल्स’. विधान त्याला ‘सर्वांत महागडा’ म्हणते, पण उतारा खर्चाबद्दल गप्प, तर ‘नॉट गिव्हन’. तुलनेचे शब्द दिसले की सावध व्हा; आपले सामान्यज्ञान (इथे तेच घात करते) बाजूला ठेवा. या प्रकारात प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात. तिसऱ्याचे आणि पाचव्याचे उत्तर सापडले, तर चौथ्याचे त्यांच्या मधेच शोधा. मिनिटभरात मिळाले नाही, तर ‘नॉट गिव्हन’ लिहून पुढे जा. 60 मिनिटांत 40 प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत.