जुलैत बफेलो नदीवर कनू: पोन्का सोडा, खालचा टप्पा धरा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाईहून आई-बाबा अमेरिकेत आर्कान्सातल्या बेंटनव्हिलला येताहेत. त्यांना घेऊन बफेलो नदीवर पोन्का ते प्रुइट असा दोन दिवस कनूने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, जायचा बेत होता, पण होड्या भाड्याने देणारा म्हणतोय की वर पाणी नाही. बाबा 68 वर्षांचे, गुडघे दुखतात. कोलाडला भर मे महिन्यात कुंडलिकेत तुम्ही राफ्टिंग केलंय, मग इथंच पाणी कसं नाही? आणि आता बेत रद्द करायचा का?

रद्द करू नका. पोन्का मात्र सोडा. होडीवाला खरं सांगतोय, आणि आपलं गिऱ्हाईक जाईल हे माहीत असूनही सांगतोय, त्याचं ऐका.

आधी कुंडलिकेचं. तिथे मे महिन्यात तुम्हाला मिळालं ते मुळशी धरणाचं पाणी. भिऱ्याच्या वीजघरातून वीज करून ते खाली सुटतं, म्हणून ठरावीक वेळेला नदी भरून वाहते. ज्या धरणाविरुद्ध मुळशीकरांनी 1921 साली सत्याग्रह केला, तेच ते धरण. बफेलोवर एकही धरण नाही. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी गिल्बर्ट आणि लोन रॉक या दोन जागी धरणं बांधायची आखणी केली होती. तिच्या विरोधात 1962 साली ओझार्क सोसायटी ही संघटना उभी राहिली, आणि तिच्या पुढाकारात होते डॉ. नील कॉम्प्टन, तुमच्याच बेंटनव्हिलचे डॉक्टर. पुढे 1965 च्या डिसेंबरात आर्कान्साचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनीही धरणाला विरोध कळवला, आणि 1 मार्च 1972 रोजी ही अमेरिकेतली पहिली 'राष्ट्रीय नदी' झाली. इथे पाणी साठवून ठेवणारं आणि वेळेवर सोडणारं कुणी नाही. पाऊस पडला की नदी चढते, थांबला की उतरते. जुलैत तिचे गोटे उघडे पडतात ते ती मोकळी राहिली म्हणून, आणि मला ती तशीच प्रिय आहे.

दुसरं कारण खडकाचं. ओझार्क या डोंगराळ प्रदेशाचा हा सगळा भाग चुनखडीचा, आतून पोखरलेला. नदीवरच्या वूलम या ठिकाणाच्या खाली कोरड्या उन्हाळ्यात नदी चक्क जमिनीत जाते आणि काही मैल पुढे परत वर येते. पंधरा वर्षांपूर्वी मी नवखा असताना ऑगस्टमध्ये एका मित्राबरोबर तिथून निघालो होतो. नकाशावर निळी रेघ होती, त्यामुळे नदी असणारच असं धरून चाललो. दोन वळणांनंतर पुढे नुसतं पांढऱ्या गोट्यांचं वाळवंट! चंद्रभागेच्या वाळवंटात निदान पायाखाली वाळू असते, इथे नारळाएवढे दगड. सतरा फुटी होडी आणि सामान आम्ही संध्याकाळपर्यंत ओढत होतो, पाण्याच्या बाटल्या दुपारीच संपल्या होत्या. शेवटी शेतावरच्या एका आजोबांनी ट्रकमधून रस्त्यापर्यंत सोडलं. तेव्हापासून मी नकाशा नंतर बघतो, गेज आधी.

गेज म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पाणी मोजायची ठाणी. पोन्का, सेंट जो आणि हॅरिएट या तिन्हींचे आकडे नेटवर दिवसभर बदलत असतात. त्यांतला प्रवाहाचा आकडा म्हणजे पावसाळ्यात कोयनेच्या बातम्यांत येतो तोच क्युसेक: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. पोन्काचा आकडा बघून खालच्या टप्प्याचा अंदाज बांधू नका. पोन्काला नदी अजून लहान असते. पुढे लिटल बफेलो, बिग क्रीक, रिचलंड क्रीक, बेअर क्रीक असे ओढे येऊन मिळतात, झरे मिळतात, आणि हायवे 14 च्या पुलापर्यंत ती कितीतरी मोठी झालेली असते. म्हणूनच पोन्काला दगड उघडे असतात तेव्हाही खाली होडी चालते. राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावरही टप्प्याटप्प्याने पातळी दिलेली असते. निघायच्या आदल्या रात्री बघा, आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

तुमच्यासाठी मी एकच टप्पा सुचवेन: हायवे 14 चा पूल, म्हणजे डिलर्ड्स फेरी, किंवा त्याच्या खालचं बफेलो पॉइंट, तिथून रशपर्यंत. बफेलो पॉइंटहून हे साधारण साडेसात मैल होतं. एकच दिवस, मुक्काम नको. उंच कडे आहेत, मोठे डोह आहेत, पोहायला निवांत जागा आहेत. रश हे जस्ताच्या खाणींचं ओसाड पडलेलं गाव, बाबांना तिथले जुने अवशेष बघायला आवडतील. एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा: रश चुकवायचं नाही. त्याच्या पुढे व्हाइट नदीपर्यंत वीसहून जास्त मैल गाडीरस्ता नदीला भेटत नाही. होडीवाल्याकडून उतरायच्या जागेची खूण नीट समजून घ्या, आणि शेवटचा तासभर उजवा-डावा काठ बघत चला.

वेळेचा हिशेब बदला. भरल्या पाण्यात नदीच तुम्हाला नेते. जुलैत डोहात पाणी जवळजवळ उभं असतं, तिथे प्रत्येक फूट वल्हवूनच काटायचा, समोरून वारा असेल तर आणखी हळू. मी अशा दिवसात जेवणखाण, पोहणं सगळं धरून तासाला सव्वा ते दीड मैल धरतो. सकाळी आठला पाण्यात असा. वीकेंड टाळता आला तर उत्तम.

आता होडी. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, ती दगडाला चिकटून बसते. प्लॅस्टिकची घसरून पुढे जाते. एका होडीत दोघंच, तिघं नकोत. तुम्ही बाबांबरोबर, दुसरीत आई आणि तुमच्या घरातलं ज्याला वल्हं मारता येतं ते. दोन माणसं बसली की कनूचा तळ पाण्यात चार-पाच इंच बुडतो, तिसरं माणूस आणि मोठा कूलर चढला की तेवढ्यावरच प्रत्येक उथळ जागी अडकायला होतं. सामान मधोमध ठेवा, बांधून. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, किंचित हलकी राहिलेली बरी, पण मागचं टोक फार दबलं तर तेच आधी घासतं.

पाणी वाचणं हा यातला खरा आनंद आहे, आणि तो कमी पाण्यातच शिकता येतो. भरलेली नदी सगळं झाकून टाकते, उतरलेली नदी आपला तळ दाखवते. डोह संपत आला की पुढे खळखळ ऐकू येते. तिथे वल्हवणं थांबवा, होडी हळू होऊ द्या आणि बघा. पाण्यावर इंग्रजी व्हीसारखे आकार दिसतील. ज्याचं टोक तुमच्याकडे आहे, त्या टोकाला दगड आहे. ज्याचं तोंड तुमच्याकडे उघडं आणि टोक पुढे गेलेलं आहे, ती दोन दगडांमधली वाट. त्या वाटेत सरळ शिरा, आडवे होऊ नका. वळणावर खोल पाणी बाहेरच्या काठाला असतं आणि आतल्या बाजूला गोटे साचतात, म्हणून उन्हाळ्यात बाहेरचा काठ धरावा लागतो. मात्र बाहेरच्याच काठाला पडलेली झाडं अडकलेली असतात. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. पुढे झाड दिसलं तर आधीच आतल्या बाजूला घ्या, मग तिथे तळ घासला तरी चालेल, उतरून ओढा. पाणी चमचमतंय, सगळीकडे सारख्या बारीक लाटा आहेत, तर तिथे वीतभरच खोली आहे असं समजा. गडद, गुळगुळीत पट्टा दिसला तर तिकडे वळा.

होडी दगडावर आडवी अडकली तर दगडाकडे झुका. माणूस सहज दुसरीकडे झुकतं, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याकडे, आणि मग काठावरून पाणी आत येऊन क्षणात होडी भरते. उतरायची वेळ आली तर होडीच्या वरच्या अंगाला राहा. होडी आणि दगड यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका, पाण्याने भरलेली कनू शेकडो किलोंची होते. नुसती उथळात टेकली असेल तर तुम्ही एकटेच मागून उतरा आणि ढकला. बाबांनी बसून राहायचं. दिवसभरात असं आठ-दहा वेळा होईल, हे त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी ते "मी उतरतो" म्हणून धडपडणार नाहीत. आपल्या वडिलांची पिढी गप्प बसून राहायला तयार नसते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गुडघ्यांना खरा धोका आहे तो इथेच. शेवाळलेले गोटे साबणासारखे असतात. चपला, फ्लोटर नकोत, जुने लेसवाले बूट हवेत, भिजले तरी हरकत नाही. वल्ह्याचा दांडा काठीसारखा टेकत एकेक पाऊल टाकायचं. आणि गुडघ्याच्या वर धावतं पाणी असेल तर तिथे उभंच राहायचं नाही. पाय दोन दगडांत अडकला आणि मागून पाण्याने ढकललं तर तीन फूट पाणीही पुरतं. लाइफ जॅकेट पाणी कितीही कमी असलं तरी अंगावर, सीटखाली नाही. डोह दहा-पंधरा फूट खोल असतात आणि उथळातून निघून अचानक लागतात.

उन्हाचा त्रास पाण्यावर जास्त होतो, कारण ते वरूनही येतं आणि पाण्यावरून उलटूनही. पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, रुंद टोप्या, माणशी चार लिटर पाणी. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. काचेची वस्तू नदीकाठी चालत नाही, नियमच आहे, तेव्हा लोणचं बरणीतून नको, छोट्या स्टीलच्या डबीत घ्या. आई आल्याच आहेत तर त्यांना दशम्या करायला सांगा. पोळी-भाजीपेक्षा दशमी आणि कोरडी चटणी उन्हात छान टिकते.

दुपारी वर पश्चिमेकडे काळे ढग जमले किंवा गडगडलं तर नदीतून बाहेर या. आणि तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही पाणी गढूळ होऊन चढताना दिसलं, तर वर कुठेतरी पडलाय. ही नदी उतरते तशीच चढते. मुक्काम टाळा म्हणालो त्याचं हे एक कारण.

पोन्का मनातून जात नसेल तर दुसऱ्या दिवशी गाडीने जा. पोन्काजवळच्या बॉक्सलीच्या कुरणात संध्याकाळी एल्क, म्हणजे मोठी हरणं, चरायला येतात, 1981 पासून बाहेरून आणून सोडलेल्या कळपांचे वंशज. स्टील क्रीकला काठावर खुर्च्या टाकून समोरचा कडा बघत बसा. बाबांच्या गुडघ्यांना तेच सोसेल.

शेवटचं, होडीवाल्याला सांगा की तुमची गाडी सकाळीच रशला नेऊन ठेव. तो थोडे पैसे घेईल, पण वर परत नेणाऱ्या व्हॅनची वाट बघत ओल्या कपड्यांत आई-बाबांना उन्हात बसावं लागणार नाही. गाडीत टॉवेल, कोरडे कपडे आणि थर्मासमध्ये चहा ठेवा.