मोटर आहे, पण कागद कुठाय?

प्रश्न : नागपुरात माझ्या तीन सायकलरिक्षा आहेत. तिन्हींना महापालिकेचा परवाना आहे. एक मी चालवतो, दोन भाड्याने देतो. चालवणाऱ्यांचे हाल बघवेनात म्हणून गेल्या वर्षी भाड्याच्या दोन्ही रिक्षांना 250 वॅटच्या मोटरचे किट बसवून घेतले. पॅडल तसेच ठेवले आहे. दीड महिन्यापूर्वी त्यातली एक वाहतूक पोलिसांनी अडवली. कटकट नको म्हणून मी चलान भरले आणि ती सोडवली. आता दुसरी जप्त झाली आहे, 'विनानोंदणी मोटार वाहन' म्हणून. 250 वॅटपर्यंत नोंदणी लागत नाही ना? सायकलरिक्षा जप्त करता येत नाहीत, असा दिल्ली हायकोर्टाचा निकालही माझ्याकडे आहे. रिक्षा कशी सोडवू?

उत्तर : दिल्लीचा निकाल आधी बाजूला ठेवा. तो 2010 चा आहे आणि चांगला आहे. परवान्यांच्या संख्येवरची 99 हजारांची मर्यादा आणि मालकानेच रिक्षा चालवली पाहिजे ही अट त्या निकालाने रद्द केली, जप्त रिक्षांचा चुराडा करण्यालाही चाप लावला. नागपूर खंडपीठावर तो बंधनकारक नाही, पण वजन जरूर आहे. अडचण अशी की तो पायाने ओढल्या जाणाऱ्या रिक्षांचा निकाल आहे. तुमच्या मिस्त्रीने मोटर बसवली आणि तुम्ही त्यातून बाहेर पडलात.

आता 250 वॅट. किट विकणाऱ्यापासून हवालदारापर्यंत हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. ज्या वाक्यात तो आहे ते वाक्य मात्र कोणी सुरुवातीपासून वाचत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 2(यू) बॅटरीवरच्या काही वाहनांना 'मोटार वाहन' या व्याख्येतून सूट देतो, पण कधी? पुढच्या अटी पूर्ण होतात हे नियम 126 मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केले असेल तर. म्हणजे आपल्या पुण्याची एआरएआय किंवा तशीच दुसरी संस्था. मिस्त्रीचा शब्द आणि मोटरवरचे स्टिकर म्हणजे चाचणी नव्हे. प्रमाणपत्र नसेल तर सूट सुरूच होत नाही, मग मोटर 250 ची असो की 200 ची.

आणि प्रमाणपत्र असते तरी 250 वॅट या आकड्यावर मी निर्धास्त झालो नसतो. नियमात शब्द आहेत '0.25 किलोवॅटपेक्षा कमी', आणि तेही मोटरने अर्धा तास सलग दिलेल्या शक्तीचे माप. बरोबर 250 म्हणजे 'कमी' नव्हे. पॅडल ठेवल्याने काम भागेल असे तुम्हाला वाटते, पण पॅडल-साहाय्याची सवलत 'सायकल'ला आहे. बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत हवे, पॅडल थांबले की मोटर थांबली पाहिजे, आणि ताशी 25 किलोमीटरला ती पूर्ण बंद पडली पाहिजे. तीनचाकी रिक्षाला 'सायकल' म्हणता येईल का, यावर वाद घालता येईल. पण तुमचा लोखंडी सांगाडा एकदा काट्यावर चढवून बघा, कदाचित वादाची गरजच उरणार नाही.

दिल्लीतल्या ई-रिक्षा याच समजुतीवर वर्षानुवर्षे धावल्या. 31 जुलै 2014 ला हायकोर्टाने त्या थांबवल्या, तेव्हा कुठे केंद्राने नियम बदलले आणि 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षांसाठी वेगळे कलम 2अ आले. त्या कलमाचा फायदाही मंजूर मॉडेलच्या गाडीला मिळतो, गल्लीत जोडलेल्या गाडीला नाही.

मला खरी चिंता तुमच्या त्या पहिल्या चलानाची आहे. कटकट नको म्हणून पैसे भरले, पण पावतीवर कलम कोणते होते ते वाचले का? विनानोंदणी वाहनासाठी त्याच कायद्याच्या कलम 192 खाली पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी 5,000 ते 10,000, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टात न जाता तडजोडीने भरलेली रक्कम 'पहिला गुन्हा' धरायची का, यावर भांडता येईल आणि मी भांडेन. पण तेव्हा एक फोन केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

आता करायचे ते असे. जप्तीचा पंचनामा आणि कलम लेखी मागा. जप्ती कलम 207 खाली असेल तर सुटकेचा अर्ज त्याच कलमातल्या अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह करायचा असतो, आणि कागदपत्रे तर तुमच्याकडे नाहीत. म्हणून मोटर, बॅटरी आणि वायरिंग पूर्ण काढून रिक्षा पुन्हा पॅडलवर आणण्याचे हमीपत्र द्या. तिथे अडले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, रिक्षा मागा. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच बजावले आहे की जप्त वाहने पोलीस ठाण्यात महिनोन्‌महिने सडवत ठेवू नका. कोणत्याही ठाण्याचे अंगण बघा, म्हणजे त्याचे किती पालन होते ते कळेल. तारखा पडतील. पावसाळ्याआधी रिक्षा हातात येईल असे मी म्हणणार नाही.

सोडवून आणलेली पहिली रिक्षा मोटरसकट पुन्हा रस्त्यावर असणार, असा माझा अंदाज आहे. ती आज थांबवा. तिला विमा नाही. उद्या एखादी सवारी पडून हाड मोडले तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल, आणि त्यापुढे चलान म्हणजे चिल्लर वाटेल. तिसरी, बिनमोटरची रिक्षा खुशाल चालवा. मोटर बसवल्याने महापालिकेच्या परवान्यावर काय परिणाम होतो, ते परवान्यावरच्या अटी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याची प्रत पाठवा.

किट विकणाऱ्याला नोटीस देऊन चाचणीचे प्रमाणपत्र मागता येईल, आणि त्याने 'नोंदणी लागत नाही' म्हणून विकले असेल तर ग्राहक आयोगाकडेही जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. रिक्षा भाड्याने देता म्हणजे हा व्यापारी वापर, तुम्ही 'ग्राहक'च नाही, असे तो म्हणेल, आणि तीनपैकी दोन भाड्यावर असल्याने त्यात थोडे तथ्यही आहे. पण त्या सगळ्याआधी एक सांगा, किटचे बिल घेतले होते ना?