वाचकांचे प्रश्न : अंबोसेलीला निघण्याआधी

प्रश्न : जानेवारीत आईला (वय ६६) घेऊन केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात जायचंय. तयारी काय करावी? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पिवळ्या तापाची लस. केनियाहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. टोचल्यावर १० दिवसांनी ते लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. मात्र साठीनंतर तिचे दुष्परिणाम जास्त संभवतात, म्हणून आईंना आधी डॉक्टरांकडे न्या.

तिथला खरा त्रास धुळीचा. कोरड्या तळ्याची माती पिठासारखी उडते. उघड्या गाडीत कॅमेऱ्याची लेन्स बदललीत की सेन्सरवर ठिपके आलेच. तोंडाला सुती पंचा हवा.

दांडेलीसारखे झाडीत डोळे ताणावे लागत नाहीत. हत्ती उघड्या माळावर दिसतात आणि दुपारी दलदलीत उतरतात. किलिमांजारो टांझानियात असला तरी इथून सुरेख दिसतो, पण पहाटेच. नंतर ढगांत जातो. उशिरा उठणाऱ्यांचं काम नाही!

भडंग न्या, पण डब्यात. प्लास्टिक कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे.